दोन-शून्य

पारकर विचारतो, बॉल केवढा?
पन्नास मिलिमीटर की दोन इंच?
फरक काय, मी म्हणते.
पाऊण मिलिमीटर, तो म्हणतो,
पण ताई, कुलूप तेवढ्यावरच अडतं.

शारजाचा इंडस्ट्रियल एरिया, ऑगस्ट, दुपारचे साडेतीन.
माप न घेताच आले होते मी,
रिगवरून नवऱ्याचा एवढाच निरोप:
कुठलंही घे, जड घे.

परत उम्म अल क्वैन.
खाडीकडेच्या मोकळ्या वाळूत आमची कॅरॅव्हॅन,
म्हशीसारखी मान खाली घालून उभी.
देश सोडताना एका डच माणसानं विकलेली,
पडद्यांसकट, अर्ध्या भरलेल्या मिठाच्या बरणीसकट.
हिचवर कोरलेला आकडा
खाऱ्या हवेनं कधीच खाऊन टाकलाय.
टेप नाही. फूटपट्टी नाही.
आतल्या खणात, जुन्या बॅटरींच्या खाली,
केतकीच्या चौथीतल्या बांगड्या. पितळी. चार.
दोन-शून्य.
म्हणजे आतून चोख दोन इंच;
कासारणीला विचारा,
ती हात नुसता दाबून सांगते.

जीपच्या मागे गुडघे टेकून
मी बांगडी बॉलवर चढवली.
गरम लोखंड, ग्रीस, वर वाळू.
अडली नाही. उलट एका बाजूनं
केसभर फट राहिली, उजेड दिसेल एवढी.
तर मग पन्नास.
बांगडी काढताना उगाचच
साबण आठवला, आणि तिचं रडणं.
रात्री फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
आई, तू काय केलंस? फोटो पाठव.

दुसऱ्या दिवशी पारकरनं काउंटरवर ओळ मांडली.
हे नुसत्या पिनचं: नको, हातोडीचं गिऱ्हाईक.
हे गोल किल्लीचं: पेनाच्या टोपणानं उघडतं,
माझ्या पोरानं उघडून दाखवलंय.
हे चाकाला लावायचं: भारी, पण रोज काढणार कोण?
आणि हे.
पोलादी गोळा, हिचच्या तोंडात घट्ट बसणारा,
खालून कमान, चपटी किल्ली,
भोकावर रबराची टोपी, वाळूसाठी.
दोनशे दहा दिरहम. तुम्हाला एकशे नव्वद.
मी विचारलं, तुटत नाही ना?
तो हसला. मुरूडचा माणूस, खोटं बोलायचा कंटाळा.
तुटतं की. ग्राइंडर असला तर चार मिनिटं.
पण चोर चार मिनिटं कशाला घालवेल?
तो शेजारची नेईल.

शेजारची हातेमची.
पांढरी, एका खिडकीला पुठ्ठा लावलेला.
मे महिन्यात तांताला गेला, आईच्या ऑपरेशनला;
जाताना आमच्या पायरीवर
अंड्यांचा ट्रे आणि पाण्याचा कॅन ठेवून.
तिच्या हिचला काही नाही.
एक दोरी आहे, निळी,
बहुतेक वाळत घालायची.

मी कार्ड पुढे केलं होतं, ते मागे घेतलं.
पारकर म्हणाला, काय झालं, महाग वाटलं?
मी म्हटलं, दोन द्या.
दुसऱ्याचा बॉल केवढा, त्यानं विचारलं,
आणि मला पुन्हा
वाळूत गुडघे टेकावे लागले;
यावेळी हिचच्या तोंडातच बोटं घालून,
अंदाजानं, कासारणीसारखं.

आता माझ्या जुडग्यात एक किल्ली जास्त आहे.
हातेमचा फोन लागत नाही.
सप्टेंबरात तो येईल, दमलेला,
आपल्याच घराच्या तोंडाला
परकं कुलूप बघून थबकेल,
बहुतेक शिव्याही देईल, अरबीत, मोठ्यानं.
मी वॉचमन यूसुफला सांगून ठेवलंय:
तो ओरडायला लागला की मला हाक मार.
केव्हाही. रात्री दोनला असलं तरी.