हात लावून बघ

ल्युब्लियानाच्या इस्पितळात, तळघरात,
झोफ्का लापाय्ने केसांतल्या पिना काढून वाटीत टाकते.
मग एप्रनमधल्या. मग कॉलरमागची एक,
विसरलेली.
तादेय मोजतो: एकोणीस.
चुंबकाला लोखंड दाखवायचं नसतं.
तिला मात्र पिनांशिवाय उघडंउघडं वाटतंय,
इद्रिया गावात लेसचा प्रत्येक टाका
पिनेच्या आधारानं उभा असतो.

बेचाळिसाव्या वर्षी दृष्टी गेली.
आता सदुसष्ट.
लेस थांबली नाही.
लाकडी रिळं एकमेकांवर आपटत राहिली,
टक टक, टकटक, टक,
आणि टाका चुकला की, ती सांगते,
आधी कान खाकरतो, बोटं मागून कबूल करतात.

तिला आडवी आत सरकवतात.
चिमटीत सुताचे दोन पेड,
कानांत तिच्याच रिळांचा आवाज.
बाहेर पडद्यावर
डोक्याची मागची खोली उजळते,
जिथे एके काळी फक्त उजेड उतरायचा.

मला वाटलं, जुना मालक गेला,
म्हणून बोटांनी तिथे बिऱ्हाड थाटलं,
कान पोटभाडेकरू.
तादेय मान हलवतो.
कदाचित, म्हणतो, ती आधीपासूनच येत-जात होती,
मागच्या दारानं.
उजेडाची वर्दळच एवढी होती
की त्यांची पावलं कुणी ऐकली नाहीत.

दुपारी, यंत्राबाहेर, टेबलापाशी
तो एक खोडी काढतो.
सूत बोटांतून सरकतं त्याचा आवाज
माइकमधून तिच्याच कानांत सोडतो,
आणि एक बटण हळूच वर नेतो.
फक्त सरसर वाढते. सूत तेच.
"हे कुठलं आणलंत? काथ्यासारखं आहे."
बटण खाली.
"आता भिजवलंत."
कुणी भिजवलेलं नाही.
कानामागून आला आणि तिखट झाला
तो आवाज, दुसरं काही नाही.
पंचवीस वर्षांची तयार बोटं
त्याच्या शब्दावर मान डोलावून मोकळी.

तादेय खरं काय ते सांगून टाकतो, जरा ओशाळून.
ती हसत नाही.
सुताचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते.
मग म्हणते, वडील पाऱ्याच्या खाणीत होते.
हात थरथरायचे.
जेवताना चमचा वाडग्यावर वाजायचा,
बारीक, न थांबता,
आणि आम्हा तिघी बहिणींना
सूप पातळ लागायचं.
आई म्हणायची, कालच्याएवढंच घट्ट आहे, खा.
ते गेल्यावर पहिल्या रविवारी
तिनं तेच केलं, त्याच भांड्यात.
चमचा घशात उभा राहावा इतकं घट्ट.
मी अर्धं टाकलं.

यावर तादेयजवळ बटण नाही.
तो वहीत वेळ लिहितो: तीन पस्तीस.

इद्रियाची बस चार दहाला.
ती वाटी उचलते, एकदा हलवते,
कान तिरका करून.
"यातली एक माझी नाही."
तो वाकून पाहतो. एकोणीस पिना,
एकोणीसही सारख्या.
सकाळच्या कुणा दुसऱ्या बाईची
तळाशी राहिली असेल, त्याच्या लक्षातही नसलेली.
"कुठली?" तो विचारतो.
ती वाटी त्याच्यापुढे सरकवते,
आणि तिच्या भाषेत जे काही म्हणते
ते मराठीत आणताना
मला क्रियापद शोधावं लागत नाही.
आमच्याकडे वास बघतात, चव बघतात,
हाक मारून बघतात,
कढत दुधाला बोट लावून बघतात.

तादेय चष्मा काढून ठेवतो.
बोटं वाटीत घालतो.
टोचतं.