लहान शेठ

नागदेवीत अजून मला लहान शेठ म्हणतात.
यंदा अठ्ठावन्न लागलं.
गुडघ्याचा एमआरआय काढायला गेलो
तर तिथला पोरगाही ओळखीचा निघाला,
पंपाचं गॅस्केट नेलं होतं त्याने कधीतरी.
म्हणाला, लहान शेठ, हलू नका.

तसा मी हललो नाहीच.
एकोणनव्वद सालापासून दाराजवळचं स्टूल माझं,
आतली खुर्ची भाऊंची,
मधे कॉर्कचे ताव, रबराचे गुंडाळे.
आमचा धंदा म्हणजे काय,
तर दोन लोखंडं एकमेकांवर आवळताना
मधे जे चेपून घेतं
ते आम्ही कापतो.

भाऊंनी सगळं दिलं.
तिजोरीची किल्ली दिली, दुसरी स्वतःकडे ठेवून.
वसुली दिली.
सेल्स टॅक्सवाल्यांपुढे उभं राहणं दिलं.
अब्बास मिस्त्रीच्या बोटावर पंच घसरला तेव्हा
टॅक्सीत त्याचा हात वर धरून जीटीला जाणं दिलं.
फक्त चेक.
चेक तेवढे राहू देत माझ्याकडे, म्हणाले,
तुला कशाला व्याप.

दर दसऱ्याला हातोडीला झेंडू वाहताना
वाटायचं, आज बोलतील.
बोलायचे.
म्हणायचे, फुलं पंचाच्या भोकात अडकवू नका रे,
गंज धरतो.

मार्चमध्ये बँकेने तीन चेक परत पाठवले.
सही जुळत नाही.
चौऱ्याऐंशीच्या हाताने काढलेला 'पु'
पुंडलिकाचा राहिला नव्हता,
त्याचा उकार जुन्या तावाच्या कडेसारखा
फाटत गेला होता.

डबा खाऊन झाल्यावर भाऊ म्हणाले,
फॉर्म आण बँकेचा.
आणला. चष्मा पुसला. पेन उघडलं.
म्हणाले, ऋजुताचं नाव घाल.

अब्बासची हातोडी थांबली.
मग जरा जास्तच जोरात सुरू झाली.

ऋजुता माझी मुलगी. सव्वीस वर्षांची.
दुकानात आली आणि तिसऱ्या दिवशी
उधारीची अख्खी वही तिने मोबाईलमध्ये घातली.
कोइमतूरची ऑर्डर आणली, जिथे भाऊ कधी गेले नाहीत
आणि मी लग्नानंतर उटीला जाताना
नुसती गाडी बदलली होती.
तिला सूत कळत नाही, मिलिमीटर कळतो.
पण ती गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणते.
आमच्यात हे कुणाला जमलं नव्हतं.

ती म्हणाली, आजोबा, आधी बाबांचं...
भाऊ म्हणाले, त्याचं काय आता.
रागाने नाही. संध्याकाळी सात वाजता
आपण मिस्त्रीला म्हणतो ना,
आता कुठे नवा ताव काढतोस,
तसं.

मी फॉर्म भरला.
घरात अक्षर माझंच चांगलं.
पत्ता. पॅन. नातं : नात.
'यापूर्वीचे सहीदार' या रकान्यात
एकच ओळ होती.
भाऊंच्या नावाने ती भरून गेली.

गेल्या आठवड्यात खालचा खण साफ करताना
कॉर्कचा एक तुकडा सापडला, चार इंची, सूतभर जाड.
दोन्ही बाजूंनी माझी सही, वीस-पंचवीस वेळा.
तेव्हा वळणदार काढायचो,
'सावे'च्या मात्रेला लांब शेपूट.
कुणी बघितलं नाही. अब्बासला दिला,
म्हटलं, दीड इंची दोन वॉशर निघतील यातून.
तीन निघाले. तो हुशार आहे.

तेवढ्यात फोन वाजला.
भिवंडीची पार्टी, आवाज बाहेरपर्यंत :
लहान शेठ आहेत का?
ऋजुताने माझ्याकडे पाहिलं.
मी वॉशरकडे.
खुर्चीत भाऊंचा डोळा लागलेला, तोंड थोडं उघडं.

बोलतेय, ती म्हणाली.

मी स्टूलावरून उठलो. गुडघा वाजला.
डोळे न उघडता भाऊंनी विचारलं,
कोण रे?