चौकटीबाहेरची आई

ग्लिविट्सेत डिसेंबरात चारलाच अंधार पडतो,
आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर किती वाजले
हे कॉफीच्या खरकट्या कपांवरून ओळखायचं.
खेळ जपानहून आलाय. एका नावाड्याचा.
बेटाबेटांवर पत्रं पोचवायची, रात्री परत यायचं.
धक्क्यावर त्याची आई कंदील धरून उभी.
कंदील विझायच्या आत पोचलं पाहिजे. एवढंच.

तिकडे तो एकाच यंत्रासाठी लिहिलेला.
एका अंगाचं माप घेऊन शिवलेला सदरा,
गळ्याला किती, काखेत किती, सगळं शिंप्याला पाठ.
तोच सदरा आता आम्ही
दिसेल त्याला घालून बघतोय.
व्यक्ती तितक्या प्रकृती, कबूल,
पण प्रकृती बिघडली तर माणूस निदान जीभ दाखवतो.
इथे एकाच्या पंख्यात मांजराचे केस,
दुसऱ्याचा ड्रायव्हर तीन वर्षं शिळा,
आणि दोघंही म्हणणार, तुमचा खेळ अडखळतो.

पहिल्या दिवशी हाल्श्काने तो
हप्त्यांवर घेतलेल्या नव्या पीसीवर लावला.
आई धक्क्यावर आली, कंदील वर धरला,
आणि पन्नास सेकंदांत काळोख.
नाव अजून दुसऱ्या बेटालाही लागली नव्हती.

दोन रात्री उकरल्यावर सापडलं:
नाव घड्याळ बघून चालते,
कंदील फ्रेम मोजून जळतो.
तिकडे सेकंदाला तीस, कायम तीस,
म्हणून तेल बरोबर चार मिनिटं पुरायचं.
इथे सेकंदाला एकशे चव्वेचाळीस.
यंत्र जितकं महाग, तितकी रात्र आखूड.

कुवाबारा-सानना पत्र टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:
क्षमा असावी, तेव्हा सगळ्या घरांत
एकच सेकंद नांदत होता.

कंदील घड्याळाला बांधला, तर सीगल हवेत गोठले.
सीगल सोडवले, तर लाटा उलट्या.
लाटा सरळ केल्या शुक्रवारी रात्री अकराला;
सोमवारी कंदील पन्नास सेकंदांत विझला.
पहिले पाढे पंचावन्न.

मध्येच झ्जिख, झाब्झेहून बसने येणारा टेस्टर,
कीबोर्डवर बोट फिरवत बसलेला.
पडद्यावर लिहिलंय: दोर सोडण्यासाठी चौकोन दाबा.
"अगं, चौकोन कुठेय?"
त्याने खाली वाकून टेबलाखालीही पाहिलं,
आम्हाला हसवायला.
त्या जागी आम्ही ई ठेवला. चालतो.
पण दोर सोडताना चौकोनाची जी कड
अंगठ्याला कळायची, ती कुठून आणणार?

जानेवारीत रुंद मॉनिटर आला,
खिडकीएवढा, दोन माणसांनी उचलून आणला.
शेवटचा प्रसंग लावला:
आई वळते, डावीकडून चौकटीबाहेर जाते,
नावाडी एकटा, धक्का रिकामा,
इथेच, म्हणे, लोक रडतात.

धक्का रिकामा नव्हता.
डाव्या काठाला, जुना पडदा जिथे संपायचा
त्याच्या चार पावलं पलीकडे ती उभी होती.
दोन्ही हात आडवे पसरलेले,
डोळे उघडे, चेहऱ्यावर काहीच नाही.
गेलीच नव्हती. चौकटीबाहेर नेऊन
तिला पुढे काय करायचं हे सांगायचंच राहिलं होतं.
इतकी वर्षं, इतक्या घरांत, भिंतीच्या आत.

मी नोंद केली: क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
पात्र दिसते. दिसू नये.
उपाय एका ओळीचा: लपव.

हाल्श्का बराच वेळ ती ओळ लिहीना.
हीटर टकटक करत होता.
मग तिने आईला उचललं,
आणि आणखी डावीकडे, समुद्रात जरा आत,
ठेवून दिलं. हात तसेच.

"ही दुरुस्ती नव्हे," मी म्हटलं.
"माहितेय," ती म्हणाली, आणि जॅकेट घातलं.

कुणीतरी कधीतरी तीन पडदे ओळीने लावेलच.