दुवा

इटेनच्या लाल मातीत
सहाशे किलोमीटर झिजलेला बूट
जेरोटिचने टेबलावर उलटा ठेवला, फोटो काढला.
खाली लिहिलं: चिखलात घसरतो, बाकी इमानी.
मग दुवा. पण दुव्याआधी, ठळक अक्षरांत,
'इथून घेतलात तर मला चार पैसे मिळतात.'
भाऊ म्हणाला, हे कशाला सांगतेस?

सगळ्यात जास्त कमिशन देणाऱ्या बुटाने
तिची टाच सोलली होती.
त्याच्याखाली दुवा नाही,
नुसती टाच.

तीन महिने आकडा शून्य.
शून्य बघायचं, फोन पालथा घालायचा,
अंधारातच धावायला निघायचं.

काल कुणीतरी, कुठल्याशा बर्फाच्या देशात,
नाड्या घेतल्या. नुसत्या नाड्या.
अकरा शिलिंग.

चहा उतू गेला तरी ती वाचत होती
नाड्यांखालचं आपलंच वाक्य:
गाठ सुटत नाही.