सावलीतलं काम

दहावीला निबंध आला होता, 'माझा आदर्श'.
बेचाळीस पोट्ट्यांनी एकच नाव लिहिलं,
सरांनी फळ्यावर दिलेलं.
मीही तेच. दहापैकी साडेसात.

दुसरं एक नाव पेनाच्या टोकापर्यंत आलं होतं:
डोमाजी हेडाऊ, लाइनमन, तांडापेठ.
पण त्याच्यावर लिहिणार काय?
जन्मतारीख माहीत नाही,
सुविचार त्यानं कधी सांगितला नाही.
खर्रा थुंकून एवढंच म्हणायचा, "सिडी धर."

नवतपातली दुपार. डीपी उडालेली.
माग बंद, कूलर बंद,
अख्खी गल्ली ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन
वर बघत उभी.
महिन्यापूर्वी याच खांबावरून पडला होता तो.
मेयोतून परतला तेव्हा
डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती.

सिडी माझ्याकडे होती,
म्हणून एकट्या मलाच कळलं.
बांबूतून माझ्या तळव्यांत उतरत होती
त्याच्या पायांची थरथर.
सातव्या पायरीवर थांबला.
एक शिवी दिली, कोणाला कोण जाणे.
मग आठवी.

माग खडखडू लागले, लोक घरात गेले.
पाण्याचंही कोणी विचारलं नाही.
"सोड आता," तो म्हणाला.
मी सोडली नाही, असं सांगायला बरं वाटलं असतं.
सोडली. खेळायला पळालो.

पण पुढे कुठे कुठे ती पायरी लागली.
बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना,
वरच्या साहेबाला 'नाही' म्हणताना
तीच शिवी तोंडात आली, आणि हात हलला.
त्याला न विचारता, न सांगता
इतकी वर्षं मी त्याच्यावर चाललो,
रात्री तारेवर आकडा टाकून
कुणी घर उजळावं तसा.
बिल कधी आलंच नाही.

परवा सीताबर्डीच्या मेट्रोत
सरकत्या जिन्यापाशी एक म्हातारा अडलेला.
पाऊल पुढे करायचा, मागे घ्यायचा.
मागचे लोक चुकचुकत होते.
मी हात पुढे केला. त्यानं मनगट धरलं,
आणि दोन बोटं वळली नाहीत.

वर पोचेपर्यंत काही बोललो नाही.
शिवी मात्र ऐकू आली, हळू, दात नसलेली.

"कोनाचा पोट्टा होय बे तू?"
सांगितलं. त्याला आठवलं नाही.
"करतं काय?"
"बँकेत आहे."
माझ्या शर्टाकडे, बुटांकडे बघितलं त्यानं,
मनगट सोडलं.
"बरं हाय," म्हणाला,
"सावलीतलं काम हाय."