पान एकशे त्रेचाळीस

देवतळेकाकांनी चष्म्यावरून बघितलं,
"अकरावीत हे?" म्हणाले, आणि शिक्का मारला.
नवतप्याचा तिसरा दिवस.
गोकुळपेठेतून घरी येईस्तोवर
स्कार्फच्या आत तोंड उकडून निघालेलं.

कादंबरीतला पोरगा सतरा वर्षांचा.
त्याचं सगळ्यांशी वाकडं:
मास्तरांशी, मामांशी, स्वतःच्या दातांशी.
रात्री झोपत नाही, दिवसा उठवत नाही,
आणि एका मुलीवर त्याचं प्रेम आहे
असं तो नऊ वेळा सांगतो.
मी मोजलं.
तिच्या केसांवर दीड पान आहे,
गळ्यातल्या हिरव्या मण्यांवर अर्धं.
दोनशे चौदा पानांत ती बोलते अकरा वाक्यं,
त्यातली चार नुसती
"चल, उशीर झाला."

मला तो आवडला, हेही खरंच.
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता,
आई आतल्या खोलीत बाबांशी फोनवर भांडत नव्हती,
म्हणजे भांडून झालं होतं,
आणि पान बासष्टवर तो पुलाखाली
एकटा बसून रडला तेव्हा वाटलं,
आपण असतो तिथे
तर पाणी दिलं असतं.

सुमेधला यातलं काही सांगितलं नाही.
सुमेध माझ्या ट्यूशनमधला.
केमिस्ट्रीच्या तासाला कर्कटकानं
बाकावर विमानं कोरतो,
चाकं बाहेर आलेली, उतरणारी.

संध्याकाळी फुटाळ्यावर भेटलो.
तिथे काठावर मुली सगळ्या सारख्याच,
स्कार्फ, गॉगल, पांढरे सनकोट,
सख्खी आत्या स्कुटीवरून गेली
तरी ओळखायची नाही.
नुसते डोळे.
अर्ध्या पानाचे.

तो बोलून राहिला.
भाऊ पुण्याला गेला तेव्हापासून
जेवताना टीव्ही मोठा करतात.
बाप त्यालाच भावाच्या नावानं हाक मारतो
आणि मग दुरुस्तही करत नाही.
"तुलेच समजते बे," म्हणाला,
"बाकी कोणाले नाही."
माझा बर्फाचा गोळा काडीवरून
थेंब थेंब चपलेवर.

एकदा तो श्वास घ्यायला थांबला.
मी म्हटलं, "बाबा वर्ध्याला राहतात आता.
तिथेच."
वरून विमान गेलं सोनेगावकडे.
त्यानं मान वर केली,
दिसेनासं होईपर्यंत बघितलं.
"एअरबस," म्हणाला.

मग तो रडला.
मी पाणी दिलं.
सगळी बाटली प्याला.
तहान मलाही होती,
पण पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

रात्री लाइट गेली तेव्हा
मोबाइलच्या उजेडात पान एकशे त्रेचाळीस.
तो तिला विचारतो, "तू गप्प का?"
आणि प्रकरण संपतं.
खाली तीन बोटं कोरी जागा.
मी पेन्सिल घेतली.
आधी लिहिलं, मी गप्प नाहीये.
खोडलं. चिडकं वाटत होतं.
मग लिहिलं, अगदी बारीक,
तिच्या अक्षरात, म्हणजे माझ्याच जरा तिरक्या:
विचारलंस ना?
मग थांब की.

पुस्तक सात दिवस उशिरा परत केलं,
दंड चौदा रुपये.
काका पानं फाटली का बघत होते,
एका जागी अंगठा अडला.
ड्रॉवरमधून खोडरबर काढून
त्यांनी टेबलावर ठेवलं,
वाचलं,
आणि कूलरमध्ये पाणी आहे का बघायला उठले.
बराच वेळ आलेच नाहीत.

जिन्यात स्कार्फ सोडला.
बारा दिवसांचं ऊन कानामागे साचलेलं.
फोनवर सुमेध:
काऊन बोलून नाही राहिली?

मी टाइप करायला लागले, बाबा.
तेवढ्यात त्याच्या नावाखाली तीन ठिपके,
उड्या मारणारे.
तो अजून लिहूनच राहिला होता.