पट्टीला कुलूप

तार्तूत फेब्रुवारीत साडेचारलाच दिवे लावावे लागतात.
त्या उजेडात हेल्दुर रेबाने तळघराच्या पायऱ्या उतरला,
शेवटच्या पायरीवर बुटांचा बर्फ आपटला.
काखेत लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप,
टॉवेलात गुंडाळलेला,
आजारी मांजर आणावं तसा.

चाळीस वर्षं त्याने चर्चमधले ऑर्गन दुरुस्त केले.
कान अजून माझ्याहून तरुण.
"पंखा बेसूर आहे," आधी हे म्हणाला.
मग, "यात लिनक्स घाल. एक पत्र लिहायचंय."

मी आधी ग्नोम दाखवलं.
पावलाचा ठसा, आणि पुढे काहीच नाही,
सारवलेल्या अंगणासारखा पडदा.
त्याला आवडला. दहा मिनिटं.
मग बोट खिडकीच्या कोपऱ्यात गेलं.
"ही खाली ठेवायचं बटण?"
काढलंय. लागत नाही म्हणून.
"कुणाला लागत नाही?"
परत आणता येतं, मी म्हटलं, वेगळं एक अवजार टाकून.
तो माझ्याकडे बघत राहिला,
स्वतःच्याच घराला कडी बसवायला
अर्ज करायला सांगितल्यासारखा.

मग प्लाझ्मा. दातेरी चाक.
इथे सावलीची लांबीसुद्धा तुमच्या हातात,
खिडकी मिटताना किती रेंगाळावी, तेही.
हौसेला मोल नसतं.
पुढच्या मंगळवारी आला तेव्हा डोळे तांबारलेले.
पट्टी वर, पट्टी खाली, दोन पट्ट्या,
एक हरवली, ती शोधताना तिसरी उगवली.
तीन रात्रींत पत्र "प्रिय सिग्ने" एवढंच,
पण ते "प्रिय" सतरा वळणांत लिहून पाहिलेलं.

मी हसले नाही. कुठल्या तोंडानं हसणार?
माझ्या सेटिंगच्या फायली अकरा वर्षांच्या,
एका मशीनमधून दुसऱ्यात नेलेल्या, विरजणासारख्या.
रात्री दोनला मी रंग बदलते, पहाटे परत तोच लावते.
माझा प्रबंध चौथ्या प्रकरणात आहे.
हे त्याला सांगितलं नाही.
तो स्क्रू मोजत बसला होता, मग आपणहून बोलला:
"ऑर्गनला बेचाळीस खुंट्या.
आमच्या गावचा वाजवणारा सात ओढतो.
बाकीच्या पस्तीस मी काढून नेल्या असत्या
तर त्याने मला नदीत ढकललं असतं."

तेव्हा मी एक्सएफसीई घातलं. उंदीर.
दिसायला कचेरीतल्या कपाटासारखं,
पण खण ओढला की उघडतो,
ढकलला की बंद होतो.
त्याने पट्टी डावीकडे उभी केली,
अक्षरं मोठी,
घड्याळात सेकंद.
मग हात मांडीवर ठेवून बसला.
मी थांबले. अजून काही?
"हो. आता हिला कुलूप लाव."
पट्टी जागेवर पक्की करायची एक चौकट असते तिथे.
मी कधीच त्यात खूण केली नव्हती.
खूण केली.

मार्चमध्ये नदीवरचा बर्फ तडकला.
पत्र गेलं होतं. उत्तराचं त्याने काढलं नाही,
मीही विचारलं नाही.
तोच टॉवेल टेबलावर उलगडत म्हणाला,
"एकच बदल. घड्याळ चार मिनिटं मागे कर."
मी पाहिलं. घड्याळ अगदी बरोबर होतं.
"तुमच्या चर्चचं मागे असेल."
"आहेच. त्याला किल्ली मीच देतो, दर शनिवारी."
"मग तेच पुढे करा ना!"
त्याने झाकण मिटलं,
टॉवेलाची कड नीट आत खोचली.
"बस त्याच्याकडे बघून सुटते."